मेट्रनच्या मापाचं तळघर

ज्या सकाळी मास्तरांच्या घराखालून एकामागोमाग एक अशी चार मुंडकं नसलेली माणसं बाहेर काढली गेली, त्या सकाळी समोरच्या खिडकीकाकूंचा चहा उतू गेला. काकूंना चष्मा सापडेपर्यंत बातमी अर्ध्या गल्लीत पोचली होती. चष्मा सापडल्यावर दिसलं की ते शिंप्याचे पुतळे आहेत, कोट चढवून बघायचे, एका लाकडी पायावर उभे राहणारे. पण एकदा सोडलेली बातमी परत बोलावणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी नुसती दुसरी बातमी सोडली: मास्तर तळघर रिकामं करतायत, म्हणजे दाल में कुछ काला है.

काकू रस्ता ओलांडून आल्या. "काय मास्तर, भाडेकरू ठेवताय वाटतं?"

"भाडेकरू नाही, माणूस आणतोय."

"कोण?"

"ट्रायल झाल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही," मास्तर म्हणाले आणि पाचवा पुतळा आणायला आणखी एकदा खाली उतरले. सदुसष्टाव्या वर्षी माणूस जिना असा उतरत नाही. लग्न ठरलेला नवरामुलगा उतरतो तसा उतरले.

मास्तरांनी पंचेचाळीस वर्षं या गल्लीचे कोट, शर्ट आणि विजारी शिवल्या होत्या. बुटके, गोल, गळ्यात कायम मापाची फीत. अंघोळीला जाताना ती काढतात की नाही, यावर पैजा लागत. त्यांना कुणी वेडं म्हटलं तर ते हसत; पण कुणी माप चुकलं म्हटलं तर तीन दिवस जेवत नसत. म्हणजे जेवत, पण तोंड पाडून.

आणि जे माणूस येणार होतं, ते होतं मास्तरांची थोरली बहीण. तिला तिच्या गावात सगळे मेट्रन म्हणत. मोठ्या इस्पितळात पस्तीस वर्षं परिचारिकांची मुख्य होती. उंच, ताठ, आणि आवाज असा की पेशंट शुद्धीवर यायचा तो औषधाने की हाकेने, हे डॉक्टरांनाही सांगता येत नसे. मेट्रनने लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण ती त्यांच्याकडे वरून खाली बघायची, आणि ते खालच्या खाली निघून जायचे.

तर झालं असं, की एका रविवारी मेट्रनचा फोन आला. दर रविवारी यायचा, भांडायला. त्या दिवशी मात्र ती भांडलीच नाही. म्हणाली, "गुडघे गेलेत. तिसरा मजला उतरवत नाही. इथल्या वृद्धाश्रमात जागा ठरवलीय. खोली तळमजल्यावर आहे, उशाला घंटी आहे, चमचेसुद्धा त्यांचेच."

मास्तरांना बाकीचं सगळं सोसलं असतं, पण ते चमचे काळजात रुतले.

"माझ्याकडे ये ताई."

"पाहुणी म्हणून? चार दिवस गोड. पाचव्या दिवशी तुझी बायको मला विचारून भाजीत मीठ घालायला लागेल, आणि मग मी मीठ सांगत बसेन. नको रे बुटक्या. ज्या दाराला माझी कडी नाही त्या घरात मी राहत नाही."

"आणि कडी असली तर?"

"नुसती कडी नाही. कडी, चूल आणि न्हाणी. तिन्ही माझ्या. येता-जाता कुणाच्या स्वयंपाकघरातून जावं लागणार नाही, असं. आहे तुझ्याकडे?"

"आहे की," मास्तर म्हणाले. बोलताना ते तळघराच्या बरोबर वर उभे होते, त्यामुळे हे अगदीच खोटं म्हणता येत नाही.

"तीन महिने ती जागा धरून ठेवायला सांगते. तिसऱ्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी येऊन बघेन. त्याच संध्याकाळी आश्रमाला हो की नाही कळवायचंय. थापा मारत असशील तर आत्ताच सांग."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला मिठी मारली. ती कणीक मळत होती. तिने ओल्या हातांनी त्यांना लांब केलं आणि विचारलं, "आता काय कबूल करून बसलात?"

मास्तरांना बहीण का हवी होती, याची गल्लीत पुढे पुष्कळ कारणं सांगितली गेली. खरं कारण कुणालाच सुचलं नाही. वय झाल्यापासून मास्तरांना सगळे मान देत. मुलगी लांबच्या शहरातून फोन करी, ती "बाबा, जपा" म्हणे. गिऱ्हाईक "सावकाश द्या" म्हणे. बायकोशी भांडायला जावं तर पाण्यावर काठी मारल्यासारखं. ती म्हणायची, "बरं, तुमचंच खरं," आणि करायची स्वतःच्या मनाचं. जगात एकच बाई उरली होती जी मास्तरांना मूर्ख म्हणत असे, आणि तीही परक्या चमच्यांनी जेवायला निघाली होती.

घर उतारावर होतं. रस्त्याच्या बाजूने बघितलं तर तळघर जमिनीत. पण मागे जमीन इतकी खाली जाई की तळघराची मागची भिंत सरळ परसात उघडी होती. म्हणजे दार काढता येत होतं. मास्तरांनी गवंड्याला बोलावलं. गवंडी उंच, हडकुळा, थोडं बोलणारा. पण बोलला की टोचणारा.

खाली उतरून गवंड्याने जमिनीकडे बघितलं आणि तिथेच थबकला. फरशीभर तपकिरी कागद टाचून ठेवले होते. एक लांबट, एक चौकोनी, एक कोपरा कापलेला.

"हे काय मास्तर?"

"हा पलंग. हा ओटा. ही न्हाणी. आम्ही कापडाला कात्री लावायच्या आधी कागद बेततो."

"आणि भिंतीवर खडूने या टिंबटिंब रेघा?"

"कच्चा टाका. इथे खिडकी, इथे दार. आणि या ओल्या भिंतीला आतून जाडसर अस्तर."

"भिंतीला अस्तर नसतं मास्तर, गिलावा असतो. आणि ओल बाहेरून येते, तिला आतून अस्तर लावलं तर ती आत पाहुणचार घेत बसेल. आधी बाहेर चर खणून पाण्याला वाट द्यायला हवी."

मास्तर खूश झाले. माणूस जाणकार होता, आणि उर्मटही होता. दोघांचं त्या दिवसापासून असं जमलं की काम संपेपर्यंत एक दिवस सुखाने गेला नाही.

आधी बाहेर चर खणला. मग दार फोडलं. ज्या दुपारी भिंतीतून पहिली वीट निघाली आणि उजेडाची पट्टी कित्येक वर्षं अंधारात पडलेल्या फरशीवर सांडली, त्या दुपारी मास्तरांनी त्या उजेडाची लांबी-रुंदी मोजली. खरंच मोजली. बायकोने बघितलं, म्हणूनच आपल्याला कळलं. मग खिडकी, चांगली रुंद, कारण नगरपालिकेचा माणूस सांगून गेला होता की आग लागली तर माणसाला तिथून बाहेर पडता आलं पाहिजे. मास्तर स्वतः त्या खिडकीतून बाहेर पडून दाखवत होते, येईल-जाईल त्याला. खिडकीकाकूंना तर दोनदा दाखवलं. विजेचं मीटर वेगळं, पाण्याची तोटी वेगळी. न्हाणीला उतार किती द्यायचा यावर नळवाला आणि गवंडी एकमेकांशी बोलेनासे झाले, तेव्हा मास्तर मधे उभे राहून एकाचं दुसऱ्याला सांगत.

आणि उंची. तळघराचं छत साडेसहा फुटांवर होतं.

"पुरेल," गवंडी म्हणाला. "तुमच्या डोक्यावर तुम्हीच आणखी एक उभे राहिलात तरच अडचण."

"माझ्यासाठी नाहीये. पाच फूट नऊ इंच बाई आहे. वर अंबाडा. हात वर केला तर पंखा लागेल. नऊ इंच खोल घ्या."

"नऊ इंच खणायचं म्हणजे पाया सांभाळत, हात-हात जागा सोडत खणायचं. दोन आठवडे जातील."

"जाऊ देत. माझी बहीण मान वाकवून राहणार नाही."

गवंड्याने खणलं. माती टोपल्या-टोपल्यांनी परसात गेली. मास्तर रोज सकाळी उठून खाली जात, फीत सोडत, आणि वर येऊन बायकोला आकडा सांगत, जसं काही मूल वाढतंय.

आता चुकीकडे यायला हवं. मास्तरांकडे मापाच्या वह्या होत्या, काळ्या पुठ्ठ्याच्या, चाळीस-पन्नास. मेट्रन निवृत्त झाली तेव्हा त्यांनी तिला लांब कोट शिवला होता. त्या पानावर तिची सगळी मापं होती: उंची, खांदा, खांद्यापासून कोपर, बाही. त्याला अठरा वर्षं झाली होती. मास्तरांनी ते पान काढलं आणि त्यावरून घर बेतायला घेतलं. कोपर जमिनीपासून किती, तर ओटा त्याच्या चार बोटं खाली. डोळे किती उंचीवर, तर आरसा तिथे आणि दारातलं भोक तिथे. हात वर केला की किती, तर फळी तिथे. कपाट, खुंट्या, दिव्याची बटणं, सगळं त्या पानावरून.

बायको म्हणाली, "एकदा ताजं माप घ्यावं."

"अगं, उंची काय पोट आहे वाढायला?"

"वाढायचं नाही म्हणत मी."

"गेल्या वर्षी गेलो होतो ना भेटायला. होती तशीच आहे. खिडकीत बसून चहा करायला लावला मला, तोही दोनदा, पहिला पांचट झाला म्हणून."

"उठली होती का त्या खुर्चीतून?"

मास्तरांनी आठवून बघितलं. मग आठवायचं सोडून दिलं, कारण गवंडी ओटा मापापेक्षा अर्धा इंच खाली बसवत होता. "बरं, तुमचंच खरं," बायको म्हणाली.

शनिवार उजाडला. भिंती पांढऱ्या, खिडकीला पडदे, दाराला आतून पितळी कडी. मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. नळवाला आला होता. गवंडीही काम संपलं असूनही आला होता. म्हणाला, गिलाव्याची करणी राहिली. करणी त्याच्या हातातच होती. काकू तर सकाळपासून परसातच होत्या.

गाडी थांबली. आधी काठी बाहेर आली. मग बराच वेळ काही नाही. मग मेट्रन.

मास्तर दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. लहानपणापासून ते या बहिणीकडे मान वर करून बघत आले होते. त्या सवयीने त्यांनी मान वर केली, तर समोर झाडच दिसलं. मेट्रन खाली होती. पाठीत वाकलेली, गुडघ्यांत वाकलेली, तिचा पांढरा अंबाडा बुटक्या मास्तरांच्याही कपाळाशीच येत होता.

"काय रे बु..." ती म्हणाली, आणि उरलेला शब्द गिळून टाकला.

"या वन्सं," मास्तरांची बायको पुढे झाली. तिला मुळीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

मेट्रन काठी टेकत दारातून आत गेली. वॉर्डात फेरी मारावी तशी एकेक वस्तू बघत चालली. खिडकी बघितली, मान हलवली. न्हाणीतला उतार काठीने चाचपला, मान हलवली. नळवाल्याची आणि गवंड्याची छाती एकदमच फुगली. मग ती ओट्याजवळ आली. ओटा तिच्या छातीला लागला. कोट काढला, खुंटीकडे हात नेला. हात पोचला नाही. आरशासमोर उभी राहिली. आरशात भिंत होती, आणि खालच्या कडेला जेमतेम पांढऱ्या केसांची एक रेघ.

मास्तरांनी गळ्यातली फीत मुठीत धरली. पंचेचाळीस वर्षांत असं माप चुकलं नव्हतं.

"छान आहे," मेट्रन म्हणाली. आणि ते ऐकून मास्तर खरे घाबरले, कारण जन्मात तिने त्यांचं काही छान म्हटलं नव्हतं. "छानच आहे. जिच्यासाठी बांधलंस तिला आवडलं असतं. मी आश्रमातच जाते रे. तिथे सगळ्यांच्या मापाचं काहीतरी असतं."

"ताई, ही ट्रायल आहे," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पहिल्या ट्रायलला कोट कधी बसतो का? टाके उसवायचे, पुन्हा घालायचे. दोन मिनिटं सरळ उभी राहा, माप घेतो."

"सरळ?" मेट्रन म्हणाली. "सरळ उभी राहता आलं असतं तर तुझा आरसा बरोबर होता."

"मग आहे तशी उभी राहा."

ती उभी राहिली. हो म्हणून नाही. बसायला फक्त पलंग होता आणि तोही उंच होता.

आता दुकानातली एक रीत सांगायला हवी. मास्तर माप घेऊन मोठ्याने सांगत, बायको वहीत लिही. पण पोट सुटलेलं गिऱ्हाईक श्वास कोंडून आरशासमोर उभं असलं, की मास्तर आधी घसा खाकरत आणि दोन इंच कमी सांगत. बायको मान खाली घालून खरं लिही. गिऱ्हाईक खूश, कोटही बसे. मास्तरांनी मेट्रनच्या टाचेशी फीत धरली, डोक्यापर्यंत नेली. घसा खाकरला.

"पाच फूट सहा," ते म्हणाले.

बायकोने लिहिलं.

पुन्हा खाकरले. "कोपर, जमिनीपासून, तीन फूट पाच."

बायकोने लिहिलं.

"वही दाखव गं मुली," मेट्रन म्हणाली.

मास्तरांची फीत हातातून सुटली. बायकोने वही पुढे केली. मेट्रनने ती डोळ्यांजवळ धरली. तिथे लिहिलं होतं, पाच फूट एक. आणि खाली, तीन फूट एक.

"पेशंटच्या तक्त्यावर एक लिहून तोंडाने दुसरं सांगणाऱ्या नर्सला मी काय करत असे, माहितेय?"

"वन्सं, तक्ता खरा आहे," बायको म्हणाली. "खोटं फक्त हे बोलले."

मेट्रनने मास्तरांकडे बघितलं. मास्तर सदुसष्ट वर्षांचे नव्हतेच त्या क्षणी, सात वर्षांचे होते आणि चड्डी फाडून घरी आले होते. "मूर्ख," ती म्हणाली. "पाच फूट एक, तर पाच फूट एक म्हणावं. मला काय माझं घर खोट्या मापाने बेतून देणार होतास? पुन्हा घे. मोठ्याने सांग. आणि हा ओटा कुठल्या शहाण्याने बांधला?"

"मी," गवंडी म्हणाला. "यांच्या वहीप्रमाणे. नऊ इंच जमीनही खणलीय, तीही वहीप्रमाणेच."

"नऊ इंच कशाला?"

"तुमच्या अंबाड्याला."

मेट्रन हसली. हसताना तिला काठी धरावी लागली, मग काठीला धरायला मास्तरांची बायको धावली. मग माप पुन्हा घेतलं, प्रत्येक आकडा मास्तरांनी असा खणखणीत सांगितला की काकूंना परसात ऐकू गेला, आणि काकूंकडून संध्याकाळपर्यंत गल्लीला. मेट्रन प्रत्येक आकडा मागोमाग पुटपुटत होती, नव्या माणसाचं नाव पाठ करावं तशी.

"आता सगळे बाहेर," ती म्हणाली. "मला विचार करू द्या."

सगळे परसात आले. आतून पितळी कडी सरकल्याचा आवाज झाला. दहा मिनिटं गेली. नळ चालू झाला, बंद झाला. दिव्याचं बटण काठीने दाबल्याचा खट आवाज आला, दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मास्तर उभ्या उभ्या फीत गुंडाळत आणि उलगडत होते. संध्याकाळ होत आली होती. आश्रमाला कळवायची वेळ.

"नाही म्हणाली तर?" ते बायकोला म्हणाले.

"तर तुम्ही खाली राहा, मी वर राहते. तुमची उंची बरी आहे त्या आरशाला."

"मी तरी कुठे दिसतो त्यात," मास्तर म्हणाले.

मग दाराआडून मेट्रनचा आवाज आला, फोनवरचा. वॉर्डातला जुना आवाज, त्यामुळे कान लावायची गरज पडली नाही. तरी काकूंनी लावलाच.

"हो, मीच. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या... नाही, तब्येत काय, आहे तशी आहे. जागा मिळाली... नाही, भावाच्या घरी नाही. माझ्या घरी. पत्ता? पत्ता त्याचाच लिहा. दार वेगळं आहे म्हणावं."

मास्तरांनी गवंड्याला मिठी मारली. गवंड्याच्या अंगावर चुन्याचे डाग होते, ते नव्या शर्टावर उमटले. पुढे तो शर्ट मास्तर मुद्दाम घालत, आणि कुणी डाग दाखवला की सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत.

ओटा फोडायला एक दिवस लागला आणि बांधायला चार. मेट्रन समोर खुर्ची टाकून बसली होती. गवंड्याला तिने त्या पाच दिवसांत काटकोन बघायचा गुन्या कसा धरावा, विडी का सोडावी आणि बायकोशी कसं बोलावं, हे सगळं शिकवलं. जाताना तो मास्तरांना म्हणाला, "तुमच्या बहिणीचं कुठे काही काम निघालं तर मला नका बोलवू." आणि पुढच्या आठवड्यात आपणहून आला, खुंटी नीट बसलीय का बघायला. चहा घेऊन गेला.

सामान लागलं, भांडी लागली, मेट्रनचे स्वतःचे सहा चमचे लागले. दुसऱ्याच दिवशी दुपारी साडेतीनला मास्तरांना राहवेना. ते परसातून वळसा घालून खाली गेले आणि दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी."

"भेटायची वेळ चार ते पाच. दारावर लिहून लावलंय, वाचता येत नाही का? आणि हात धुऊन ये. मूर्ख कुठला."

मास्तर वळले. परसात खिडकीकाकू उभ्या होत्या, योगायोगाने. "काय मास्तर," त्या म्हणाल्या, "स्वतःच्याच घरात घेत नाहीत वाटतं?"

"नाही घेत," मास्तर म्हणाले. तोंड दिव्यासारखं उजळलेलं. "सख्खी बहीण, पण वेळेआधी आलो तर घेत नाही. वर मूर्ख म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही? केवढ्याने म्हणाली."